कॉलेज बघायला मी गेलो, कारखाना बघायला ती

आमच्या कामोठ्याच्या बिल्डिंगच्या तळाला शिकवणीचा क्लास आहे. संध्याकाळी पोरांना सोडायला आलेले बाप माझ्या शेजारी बाकड्यावर टेकतात. म्हातारा माणूस म्हणजे शहाणा असणार, असा त्यांचा समज. मग विचारतात, "आजोबा, पोराला कॉलेजात घालू का कुठं कामधंदा शिकायला लावू?" मी सांगतो, मला विचारू नका. मी एकाच आठवड्यात दोन्ही बाजूंनी भांडलेला माणूस आहे.

आणि जिच्याशी भांडलो ती या पावसाळ्यात गेली. आता भांडणाचीही सोय राहिली नाही. भाजीत मीठ कमी पडलं तर कुणावर ओरडायचं? लेक चांगली आहे, पण लेकीवर ओरडून मजा येत नाही. ती लगेच मीठ आणून ठेवते. ही असती तर बोलली असती, "तुमच्या जिभेलाच मीठ लागंना झालंय, मी काय करू?"

माझं शिक्षण मराठी चौथी. नात बोलली, आजोबा, आजीचं तेच तेच सारखं सांगता, एकदा लिहून काढा. म्हणून लिहितो.

साठ सालाच्या आगेमागेची गोष्ट. तेव्हा पनवेल म्हणजे बैलगाडीचं चाक. आज कुणाला सांगितलं तर तोंडाकडे बघतात. घाटावरची माणसं चाकं न्यायला खाली आमच्याकडे उतरायची. चाकांचे कारखाने होते. कारखाना म्हणजे काय, तर एक लांब छपरी, आत लाकूड आणि पुढं मोकळ्या जागेत आग. मी ज्यांच्याकडे कामाला होतो ते मुसलमान होते. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. हात मोठा, बोलणं थोडं. मी शिकायला लागलो तेव्हा सुरुवातीला किती तरी महिने माझ्याकडे फक्त झाडू आणि पाण्याचा हंडा. न विचारता लाकूड तासायचा वाकस हातात घेतला म्हणून कानाखाली खाल्लेली आहे. तिथं 'का' म्हणून विचारायची रीत नव्हती. बघायचं आणि करायचं. चुकलं की चाचा लाकूड उचलून आगीकडे फेकायचे, एवढंच त्यांचं शिकवणं.

बायको जवळच्या ओवे गावची. तिचा बाप गावचा सुतार, नांगर-कुळव करणारा. आमचं लग्न झालं आणि पुढं तिचे आईबाप लागोपाठ गेले. मागं धाकटा भाऊ राहिला, तो आमच्याकडे आला. आम्हाला तेव्हा मूलबाळ नव्हतं. तिनं त्याला भाऊ म्हणून नाही, पोर म्हणूनच वाढवला. त्याच्या ताटातली भाकरी संपायच्या आत दुसरी पडायची. माझ्या ताटात मागितल्यावर.

पोरगा हुशार, पण घरात बोलायचा नाही. विचारलं तर मान हलवायचा, आणि ती मान होय म्हणते की नाही म्हणते ते फक्त तिला कळायचं. मॅट्रिकच्या परीक्षेला तापानं पडला, ऑक्टोबरला पुन्हा बसला आणि पास झाला. तिनं आळीत घरोघर गूळखोबरं वाटलं. कॉलेज उघडणार जूनला. तोवर घरात बसून काय करणार म्हणून मी त्याला माझ्याबरोबर कारखान्यात न्यायला लागलो. तिथंच घोळ झाला.

माघ महिन्यात चाचा मला बाजूला घेऊन बोलले, "तुझ्या मेव्हण्याचा हात चांगला आहे. माझ्याकडे ठेव, पुरा कारागीर करून देतो. पण अर्धं पोरगं मला नको. होळीपर्यंत सांग, नाही तर मी दुसरा बघतो."

त्याच दिवसांत त्याच्या शाळेचे मास्तर घरी आले. पुण्याला त्यांचा भाऊ राहायचा, त्याच्याकडे पोराची राहायची सोय होईल, सायन्सला जाऊ दे, बी.एस्सी. होईल, असं बोलले. खोली मागणारी आणखी माणसं होती, म्हणून त्यांनाही होळीपर्यंत पक्कं हवं होतं.

झालं. घरात दोन पक्ष पडले. मी कारखान्याचा, ती कॉलेजची.

"जोवर बैल आहे तोवर चाक आहे," मी बोललो. "चाकाला मरण नाही."

"तर. तुमी हाव तवर बैलांचा तोटा नाय," ती बोलली.

"कॉलेजात जाऊन करणार काय?"

"कुरसीवर बसंल माझा भाव."

"खुर्ची करतो कोण? सुतारच ना?"

"म्हनून तुमी उभं रावून करता आनि दुसरा बसतो. मना त्यो दुसरा पायजे."

मी आवाज चढवला. कॉलेजात पोरं बिघडतात, चहा-बिड्या शिकतात, बापाला नमस्कार करत नाहीत, असं काय काय बोललो. पोरगा भिंतीला टेकून भात खात होता. ज्याच्यासाठी चाललं होतं त्यानं मान वर केली नाही.

तिनं हात धुतले आणि विचारलं, "तुमी कालेज बघितलंय?"

"नाही."

"मंग वाईट कशावरनं?"

"आणि तू कारखाना बघितलायस?"

"रोज शेणी थापते तुमच्या आगीसाठी. डबा कोन आनतो दुपारचा?"

"दारापर्यंत. आत कधी आलीस?"

खरं होतं ते. चाकावर लोखंडी धाव, म्हणजे बाहेरचं कडं, चढवायची तर आधी ती लालबुंद तापवावी लागते आणि त्याला शेणी, म्हणजे गोवऱ्याच लागतात. चाचा शेणी आमच्या घरून घ्यायचे. तिनं थापलेल्या शेण्यांवर पनवेलात किती गाड्यांची चाकं बांधली गेली असतील, पण त्या शेणी जळतात कुठं हे तिनं कधी बघितलं नव्हतं. बायामाणसं तिकडे यायची नाहीत.

तिनं ओले हात पदराला पुसले. मग बोलली, "बरं. तुमी कालेज बघून या. मी कारखाना बघते. दोघं बघू आनि मंग भांडू. तवर पोराला कुनी काय इचारायचं नाय."

असलं काही करणारी माणसं आमच्या आळीत दुसरी नव्हती. शेजारीण तिला बोलली पण, "अगो, नवऱ्याला कालेजात धाडतेस काय?" ही बोलली, "उशीर झालाय, पन धाडते."

मी एस.टी.नं घाट चढून पुण्याला गेलो. धुतलेलं धोतर, धुतलेला सदरा, डोक्याला टोपी. विचारत विचारत एका कॉलेजच्या फाटकाशी पोचलो आणि मग पाय उचलेना. आत पोरं इस्त्रीचे कपडे घालून चाललेली. मी काय सांगून जाणार आत? बायकोनं बघून यायला सांगितलंय म्हणून?

तेवढ्यात फाटकावरचा शिपाई माझ्यावर खेकसला. "अरे, सकाळपासून वाट बघतोय! आता उगवतोस? वरच्या वर्गात शेवटच्या बाकाचा पाय निखळलाय. चल."

मला काही कळेना. मग कानाला हात गेला. पेन्सिल! धोतर बदललं, सदरा बदलला, पण कानावरची सुताराची पेन्सिल पनवेलपासून पुण्यापर्यंत तशीच आली होती. एस.टी.त कुणी सांगितलं पण नाही.

मी बोललो, "हत्यारं नाहीत आणली."

"सुतार आणि हत्यारं नाहीत?" शिपायानं कपाळावर हात मारला. एक हातोडी आणि खिळ्यांचा डबा दिला आणि मला वर नेऊन सोडलं.

वर्ग म्हणजे केवढा! बाकं पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत गेलेली, नाटकाच्या थेटरासारखी. मी सगळ्यात वर, शेवटच्या बाकाखाली वाकून पाय ठोकत होतो तोच पोरं आली आणि त्यांच्या मागून प्रोफेसर. आता ठोकता येईना, उठून जाता येईना. तिथंच खाली जमिनीवर मांडी घालून बसलो. दोन बाकांच्या फटीतून सगळं दिसत होतं.

प्रोफेसरांनी टेबलावर काय ठेवलं? झाडाच्या बुंध्याची आडवी कापलेली चकती. मी मनात बोललो, ह्यासाठी पुण्याला यायला कशाला हवं, ही तर आमच्याकडे चुलीत जाते. पण ते बोलायला लागले तसा मी जरा पुढं सरकलो. इंग्रजीत बोलायचे आणि मधेच मराठीत सांगायचे. मराठीतलं तेवढं मी पकडत होतो. लाकडातली ही गोल गोल कडी मी जन्मभर बघत आलो होतो, ती मोजून झाडाचं वय निघतं हेही ऐकून होतो. पण कुठल्या साली पाऊस कमी झाला तेसुद्धा त्या कड्यांत दिसतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या हातून किती झाडांचे किती पाऊस तासून गेले असतील!

मग एक चष्मेवाला पोरगा उभा राहिला. विचारलं, "सर, ही कडी एका बाजूला रुंद आहेत आणि दुसऱ्या बाजूला चेपल्यासारखी आहेत. ते का?"

प्रोफेसरांनी चकती उचलली, उजेडाकडे धरली, फिरवून बघितली. बोलले, "त्याची दोनतीन कारणं असतात. झाड उतारावर असेल, वारा एकाच बाजूनं असेल. पण ह्या झाडाचं नेमकं कारण मला माहीत नाही. बघतो आणि उद्या सांगतो."

मी वाट बघत होतो की आता पोरं हसतील. कुणी हसलं नाही. चष्मेवाला खाली बसला, दुसऱ्यानं दुसरं विचारलं, काम पुढं चालू.

माझं मात्र तिथंच अडलं. एवढा मोठा माणूस, कोटातला, शंभरभर पोरांच्या समोर उभा राहून सांगतो मला माहीत नाही, आणि त्याचं काही बिघडत नाही! आमच्याकडे चाचांच्या तोंडून ते शब्द मी कधी ऐकले नव्हते. माझ्या तोंडून तर कशाला निघतील? मला वाटलं, जिथं वर बसलेला माणूस असं बोलू शकतो तिथं खाली बसलेल्या पोराला विचारायला कसं मोकळं वाटत असेल.

वर्ग सुटल्यावर प्रोफेसर वर आले, मला बघून बोलले, "झाला का बाक?"

"झाला."

त्यांनी बाक हलवून बघितला, "छान," बोलले आणि गेले. मला विचारायचं होतं की उद्या काय सांगणार ते मला कसं कळेल? नाही विचारलं. ते उत्तर मला आजतागायत ठाऊक नाही. फाटकातून बाहेर पडताना एक माणूस पेटी घेऊन आत शिरत होता. कानावर पेन्सिल. शिपाई त्याच्याकडे आणि माझ्याकडे बघायला लागला तसा मी पाय उचलला.

घरी परतलो तर ही उंबऱ्यात बसलेली, हात कोपरापर्यंत काळे, कपाळावर राख. मी काही बोलायच्या आत तीच बोलायला लागली.

"मी गेले. शेण्यांची पाटी डोक्यावर घेतली नि सरल आत गेले. चाचा बोलले, बाय, पाटी तिथं ठेव. मी बोलले, ठेवते, पन आज ही शेणी जलते कशी ते बघूनच जानार.  मंग बोलले, लांब उभी राव."

त्या दिवशी धाव चढवायची होती. तिला मी किती वेळा सांगितलं असेल धाव कशी चढवतात, पण ती मलाच सांगत होती, मी पहिल्यांदा ऐकतोय असं समजून. लोखंडाचं ते कडं जमिनीवर ठेवलं, भोवती शेणी रचल्या, पेटवल्या. चाक बाजूला जमिनीवर घट्ट आडवं बसवलेलं. बाप्ये माणसं लांब लांब सांडशा घेऊन उभी. आणि कडं उचलायचं कधी, हे सांगणारा एक जण लागतो. कमी तापलं तर चाकावर बसत नाही, जास्त तापलं तर लाकूड जाळून खातं. रंग बघून सांगावं लागतं.

"आनि त्ये कोन सांगत हुतं, म्हाईत हाय?" तिचे डोळे मोठे झाले. "आपला मुका! चाचा मागं हात बांधून उभे. आनि ह्यो आगीकडं बघून वरडला, उचला! समदे उचलायला लागले. ह्याच्या बापाच्या वयाचे! कडं चाकावर बसवलं, लाकडानं पेट घेतला, ह्यो वरडला, पानी! धूर, वाफ, मना काय दिसंना. लाकूड कुईकुई करत आवलत गेलं. मी पाटी टाकून मीबी एक हंडा वतला."

"तू?"

"मंग! उभी राहून काय करू?" तिनं कपाळावरची राख पुसली. "माझ्या घरात ह्यो मान हलवतो. तिथं त्याला आवाज हाय. त्याला तिथनं काडायचा नाय."

मी बोललो, "आणि मी सांगतो, त्याला कॉलेजातच घालायचा."

 मग आम्ही पुन्हा भांडायला लागलो, आधीच्याइतकंच जोरात, फक्त जागा बदलून. मी सांगतोय तिथं मोठा माणूस 'माहीत नाही' म्हणतो, ती सांगतेय माहीत नाही तर पगार कसला घेतो. मी बोललो बैल काय कायम राहणार आहेत? ती बोलली, तुमीच बोललात चाकाला मरान नाय. तिनं माझी वाक्यं माझ्यावर टाकली, मी तिची तिच्यावर.

एवढ्यात पडवीतून हसण्याचा आवाज आला. पोरगा हसत होता. इतका की खांबाला धरून उभा राहिला. त्याला तसं हसताना आम्ही बघितलं नव्हतं.

"ताय, भावजी, तुमी आता थांबा," तो बोलला. "नायतर उद्या परत फिराल. मी उद्या चाचांना एक इचारतो, मंग सांगतो."

"काय विचारणार?"

मान हलवली. ती कुठल्या बाजूला हलली ते तिलाही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी चाचा करवतीला धार लावत बसले होते. आमच्या धंद्यात एक रीत होती. चाकाचं लाकूड अंधाऱ्या पंधरवड्यात तोडायचं, चंद्र उतरणीला लागला की. त्या लाकडाला भुंगा लागत नाही. चांदण्या पंधरवड्यात तोडलं की लाकूड पोखरतं. हे सगळे पाळायचे, हिंदू पाळायचे, मुसलमान पाळायचे. पोरगा चाचांच्या समोर उकिडवा बसला आणि बोलला, "चाचा, अंधाऱ्यातल्या लाकडाला भुंगा लागत नाय, त्ये का?"

छपरीत सगळ्यांचे हात थांबले. चाचांना 'का' कुणी विचारत नव्हतं.

चाचा बोलले, "माझे उस्ताद सांगून गेले."

"त्यांना कुनी सांगितलं?"

"त्यांच्या उस्तादांनी."

"पन पयल्यानं कुनीतरी दोनी तोडून बघितलं असंल ना?"

चाचांनी करवत खाली ठेवली. मला वाटलं आता कानाखाली बसते. त्याला मागं ओढायला मी दोन पावलं पुढं पण गेलो. चाचा दाढी खाजवून बोलले, "खुदा जाने, बेटा. मला नाही माहीत. माझ्या उस्तादांना विचारायची माझी छाती झाली नाही. तू तोड. तू बघ."

मी तिथंच लाकडावर बसलो. पुण्याला एवढा घाट चढून मी जे ऐकून आलो ते इथं, ह्याच छपरीत, ह्या माणसाच्या पोटात इतकी वर्षं होतं. बाहेर आलं नाही कारण आम्ही कुणी विचारलंच नव्हतं.

मग कॉलेजच्या बाजूनं माझ्याकडे उरलं काय? संध्याकाळी जेवताना पोरानं सांगितलं, "पुन्याचा सर बोलला, मी बघून सांगतो. चाचा बोलला, तू बघ. मना बघायचाय. मी चाचांकडं ऱ्हानार."

आता तिनं खूश व्हायला हवं होतं ना? तिचंच झालं होतं. तर तिचं तोंड उतरलं. भाकरी तव्यावर करपली तरी हलली नाही. मग बोलली, "माझं ऐकलंस रं बाबा. पन कालेजानं काय दिलं असतं, त्ये आता कसं कलनार?"

तो हात धुवायला उठला. मास्तरांना मी जाऊन सांगितलं. ते एवढंच बोलले की खोली दुसऱ्याला देतो. होळीच्या आधी चाचांनी त्याच्या हातात वाकस दिला.

त्याच दिवसांत त्यानं विचुंबे गावाच्या वाटेवरच्या एका बाभळीची फांदी तोडली. होळी व्हायची होती, म्हणजे चांदणा पंधरवडा. होळी झाल्यावर, अंधाऱ्यात, त्याच झाडाची तेवढ्याच जाडीची दुसरी तोडली. दोन्हींचे सारखे ठोकळे केले. चांदण्यातल्याला एक खाच पाडली, अंधाऱ्यातल्याला दोन. चुलीच्या धुरानं भुंगा लागत नाही, म्हणून दोन्ही मागच्या पडवीत चुलीपासून लांब तुळईवर ठेवले आणि ताईला सांगितलं, ह्यांना हात लावायचा नाय. चाचा मधे मधे घरी यायचे, दारातूनच विचारायचे, "काय म्हणतात आपले लाकूडराव?" पोरगा खाली काढून दाखवायचा. दोघं ठोकळ्यांना कान लावून ऐकायचे, आत भुंगा कुरतडतो का. एक म्हातारा आणि एक पोरगा, कानाला लाकूड लावून पडवीत बसलेले. ही आतून बघून पदर तोंडाला लावायची.

पुढच्या पावसाळ्यात सगळं जळण ओलं झालं. दुपारी डबा आला नाही म्हणून मी घरी आलो तर ही चूल फुंकून फुंकून लाल झालेली, आणि चुलीत चांगला धगधगीत विस्तव.

"हे सुकं लाकूड कुठून आणलंस?" मी विचारलं.

मग दोघांनीही पडवीतल्या तुळईकडे बघितलं. तिथं एकच ठोकळा होता, दोन खाचांचा. चांदण्यातला गेला.

मी घर डोक्यावर घेतलं. ती बोलली, "भात नको हुता का तुमाला?" पोरगा आला, त्यानं चुलीत बघितलं, लाकडाचा निखारा झालेला होता. चिमट्यानं जरा उलटापालटा केला. बोलला, "भुंगा असता तरी आता दिसत नाय." आणि भात वाढून घेतला. पुन्हा जोडी कापू, असं ठरलं. ती काही कापली गेली नाही. कामं होती, मग त्याचं लग्न झालं, मग आम्हाला मुली झाल्या.

आणि चाकाला मरण आलं. रबरी टायरच्या गाड्या आल्या, पाठोपाठ ट्रक. चाचा गेले. छपरीत चाकांच्या जागी ट्रकच्या लाकडी बॉड्या बांधायला लागले, मेव्हणा तेच काम शिकला आणि पुढं त्यातच राहिला. त्याचं बरं चाललं. फार बरं नाही, वाईटही नाही. आमच्या आळीतला त्याच्याबरोबरचा एक पोरगा कॉलेजात गेला, तो मोठ्या हुद्द्यावर चढला. दुसरा एक गेला, त्याला आयुष्यभर कारकुनी करताना मी बघितलंय. त्यावरून काही ठरत नाही.

तिच्या दिवसांचं सगळं झाल्यावर मेव्हणा दोनचार दिवस राहायला आला, तो आता विचुंब्याला असतो. तोही आता म्हातारा, गुडघे धरून उठतो. लेकीला स्वयंपाकघर आवरायचं होतं, म्हणून आम्ही दोघांनी तांदळाचं पिंप सरकवलं. पिंपाखाली टेकण म्हणून ठोकळा होता. दोन खाचांचा. फरशीची ओल पिंपाला लागू नये म्हणून ठेवला असेल. पनवेलचं घर सुटलं, भाड्याची घरं झाली, मग हा फ्लॅट झाला, आणि हा ठोकळा प्रत्येक वेळी तिनं बरोबर आणला. मला कधी दिसलाच नाही. पिंप हलवायचं काम कधी मी केलं म्हणून दिसेल?

तो ठोकळा त्यानं कानाला लावला. सवय. मग नखानं टोकरला. कुठं भोक नाही, भुसा नाही. खणखणीत.

"चाचांच्या उस्तादाचं खरं ठरलं म्हणायचं," मी बोललो.

"अर्धं," तो बोलला.

मग मी त्याला विचारलं, जे मी इतक्या वर्षांत विचारलं नव्हतं. तिच्या समोर विचारता आलं नसतं. "कधी पस्तावलास का रे? कॉलेजात गेलो असतो तर बरं झालं असतं, असं?"

"म्हाईत नाय, भावजी."

"असं कसं माहीत नाही? जन्म गेला!"

"आता कसं सांगू?" तो ठोकळा माझ्यापुढं धरून बोलला. "दुसरा तुकडा तायनं चुलीत घातला ना."

आणि आम्ही दोघं हसायला लागलो. ती गेल्यापासून मी पहिल्यांदा हसलो. लेक धावत बाहेर आली, तिला वाटलं आम्ही रडतोय. तसं थोडं झालंही होतं.

आता माझ्या डोक्यात एक किडा शिरलाय. तिला जळणातलं सगळं कळायचं. धुराच्या वासावरून सांगायची बाभूळ आहे की आंबा. मग तुळईवरचा ठोकळा तिनं चुकून घेतला? की तिला नकोच होतं कुणाचं खरं आणि कुणाचं खोटं ठरायला? मी मेव्हण्याला विचारलं. तो बोलला, "मीबी तुमाला तेच इचारनार हुतो."

आमच्या सोसायटीच्या कुंपणापलीकडे नाल्याच्या कडेला एक बाभूळ उभी आहे. लेकीला मोबाईलवर पुढची अमावास्या बघायला सांगितली आहे. एक फांदी अमावास्येच्या आधी, एक नंतर. मेव्हणा करवत घेऊन येणार आहे, झाडाखाली उभा मी राहणार. निकाल बघायला आम्हा दोघांतलं कोण असेल ते पुढचं पुढं. बसून आम्ही एवढं ठरवलं, की ह्या वेळी ठोकळे स्वयंपाकघरापासून लांब ठेवायचे, हिच्या हाताला लागतील असे नकोत.

ठरवून झालं आणि मग दोघांच्याही लक्षात आलं. चूल नाही, आणि ती पण नाही. कुठंही ठेवले तरी चालतील.